डाव्या कुशीवर

मराठी घरात छातीत धडधडण्याची एक ठरलेली वेळ असते: रविवारी दुपारी, अडीच ते साडेतीनच्या दरम्यान. वरण-भात-तूप-लिंबापासून निघालेलं जेवण आग्रहाच्या जोरावर श्रीखंडाच्या दुसऱ्या वाटीपर्यंत पोचलेलं असतं. वर ताक पिऊन झालेलं असतं. आणि पंख्याखाली चटईवर डाव्या कुशीला वळलेले यजमान एकदम उठून बसतात. छातीवर हात ठेवतात. घरातली माणसं जिथल्या तिथे थांबतात. मग ते म्हणतात, "काही नाही. गॅस असेल." आणि भांडी पुन्हा वाजू लागतात.

हे निदान करायला पदवी लागत नाही, यंत्र लागत नाही आणि मुख्य म्हणजे पैसे लागत नाहीत. गॅस ही घरातली गोष्ट आहे. तिच्यावरचे इलाज फडताळातच असतात: ओवा, हिंग, काळं मीठ, आल्यालिंबाच्या पाचकाची बाटली. हृदयाचं तसं नाही. ते दवाखान्याचं. त्याचं नुसतं नाव निघालं की ईसीजी निघतो, मग टू-डी इको, मग मेडिक्लेमची फाइल कुठल्या कपाटात आहे याचा शोध, मग बंगळूरच्या लेकीला आत्ताच कळवायचं की रिपोर्ट आल्यावर, यावरून स्वयंपाकघरात कुजबुज. एका ठोक्यासाठी एवढं सगळं कोण अंगावर घेईल? त्यापेक्षा गॅसचा ठराव एकमताने मंजूर झालेला बरा.

मी या पक्षाचा जुना सभासद आहे. जेवण जरा सढळ झालं की माझंही हृदय अधूनमधून एखादा ठोका गिळतं आणि मी तो पोटाच्या खात्यावर मांडून मोकळा होतो. गंमत अशी की ज्या निदानाला शिकलेली मंडळी हसतात, त्यात तथ्य आहे. फक्त ते किती आणि कुणाच्या बाबतीत, हे ठरवायला बसलं की आपण अडकतो.

आधी त्या ठोक्याबद्दल. कोणाला तो चुकल्यासारखा वाटतो, कोणाला आतून धक्का बसल्यासारखा. कोणाच्या घशाशी क्षणभर फडफड होते आणि उगाच खोकला येतो. हृदय दिवसाकाठी साधारण लाखभर ठोके टाकतं. त्यांचा ठेका वरच्या उजव्या कप्प्यातली सायनस नोड नावाची इवलीशी गाठ धरते. पण हृदयाच्या स्नायूतल्या प्रत्येक कोपऱ्याला थोडीफार स्वतःची मतं असतात, आणि कधीकधी भलत्याच ठिकाणची एखादी पेशी आपली पाळी नसताना मध्येच बोलते. डॉक्टर याला एक्टोपिक म्हणतात. हा ठोका वेळेआधी पडतो. तेव्हा कप्पा अजून रक्ताने पुरता भरलेला नसतो, त्यामुळे तो फुसका जातो. मनगटावर बोट ठेवलं तर कित्येकदा नाडीत लागतही नाही. त्याच्यामागे नेहमीपेक्षा जरा लांब विराम येतो. त्या विरामात कप्पा तुडुंब भरतो आणि पुढचा ठोका दणकून पडतो. आपण दचकतो ते त्या दणक्याला. म्हणजे खोडी एकाची आणि नजरेत येतो तो बिचारा नेमाने आलेला दुसरा. धडधाकट माणसांना चोवीस तास यंत्र लावून ठेवलं तर बहुतेकांमध्ये असे थोडेफार ठोके सापडतातच. त्यांतल्या अनेकांना ते कळत नाहीत, एवढाच फरक.

आता यात पोट कुठून आलं? खालून. आपल्या छातीच्या आणि पोटाच्या मध्ये श्वासपटलाचा एक स्नायूचा पडदा आहे, आणि त्याच्या डाव्या घुमटाखाली जठराचा वरचा फुगीर भाग बरोबर अडकवून ठेवलेला आहे. हृदय या पडद्याच्या वरच्या अंगाला टेकलेलं. त्याच्या भोवतीची पिशवी तर पडद्याला चिकटलेलीच आहे. थोडक्यात, हृदय हे पोटमाळ्यावर राहणारं भाडेकरू आहे आणि खालच्या बिऱ्हाडात जेवणावळ चालू असली की त्याला झोप लागत नाही. पाठीमागच्या बाजूने तर लगट याहून जास्त. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला अगदी खेटून खाली उतरते. इतकी खेटून की हृदय नीट बघायचं असेल तर हृदयतज्ज्ञ सोनोग्राफीची नळी चक्क घशातून अन्ननलिकेत सोडतात आणि तिथून डोकावतात. अनियमित ठोक्यांवर इलाज म्हणून हृदयाच्या आतला थोडासा भाग जाळायचा असतो, तेव्हाही अन्ननलिकेत तापमापक ठेवायची पद्धत आहे, न जाणो, भाजायचं एकाला आणि चटका शेजाऱ्याला.

ही शेजारपाजारची भानगड कागदावर मांडली ती लुडविग रोमहेल्ड नावाच्या एका जर्मन डॉक्टरने. नेकर नदीकाठच्या गुंडेल्सहाइम गावी होर्नेगच्या जुन्या गढीत एक आरोग्यधाम होतं, तिथे हे गृहस्थ प्रमुख होते. छातीत धडधड, दडपण, धाप, चक्कर अशा तक्रारी घेऊन माणसं येत, हृदय तपासलं तर ठीक निघे, आणि त्या काळच्या रिवाजानुसार त्यांना 'हृदयाची चिंता' लागलेले म्हणून परत पाठवलं जाई. रोमहेल्डने त्यांच्या जेवणाची चौकशी केली. जठरात आणि मोठ्या आतड्याच्या डाव्या वळणात वायू साठतो, पडदा वर ढकलला जातो आणि हृदय कुरकुरायला लागतं, असा त्याचा निष्कर्ष. १९१२ साली त्याने यावर लिहिलं आणि पुढे या प्रकाराला त्याचंच नाव पडलं. आज सगळे हृदयतज्ज्ञ ते नाव आदराने घेतात असं नाही. काही जण हसून सोडून देतात. मला मात्र नेकरकाठी बटाटे, कोबी आणि सॉसेज रिचवून डाव्या कुशीवर दचकून उठणाऱ्या त्या जर्मन यजमानांबद्दल फार आपुलकी वाटते.

पण नुसत्या ढकलाढकलीने सगळं उलगडत नाही. वर-खाली निरोपही चालतात. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी दहावी म्हणजे व्हेगस. मानेतून उतरून ती हृदयाला, फुफ्फुसांना, जठराला आणि आतड्याच्या बऱ्याच लांबीला हात लावते. हृदयाला ती सांगते, हळू. १८४५ मध्ये वेबर बंधूंनी ही मज्जा चेतवली की हृदय मंदावतं, हे दाखवलं होतं. मंदावतं ते कशाने, हे कळायला पाऊणशे वर्षं गेली आणि एक स्वप्न पडावं लागलं. ऑस्ट्रियात ग्राझला ओटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते. रात्री झोपेत त्यांना एक प्रयोग सुचला, त्यांनी चिठोऱ्यावर खरडला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्यांना लागेना. पुढच्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं तेव्हा ते चिठोऱ्याच्या नादाला लागले नाहीत, उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाची दोन हृदयं. एकाची व्हेगस चेतवली, ते मंदावलं आणि त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्यावर घातलं, तेही मंदावलं. म्हणजे मज्जा काहीतरी रसायन सोडते. १९२१ चा हा प्रयोग, पुढे १९३६ चं नोबेल. लोवी स्वप्नापूर्वी काय जेवले होते याची नोंद कुठे माझ्या पाहण्यात नाही, पण असल्या वेळचं जेवण हलकं नसणार.

या व्हेगसची मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. तिच्यातले सुमारे ऐंशी टक्के तंतू वरून खाली हुकूम नेत नाहीत, खालून वर बातम्या नेतात. मेंदू सांगतो थोडं, ऐकतो फार. जठर ताणलं की बातमी वर जाते, वरून हृदयाकडे इशारा येतो, ठेक्यात थोडी गडबड होते. दुसऱ्या बाजूने जेवणानंतर आतड्यांना रक्त जास्त लागतं, म्हणून हृदयाला तासा-दोन तासांसाठी जादा काम पडतं आणि नाडी किंचित वाढते. एकीकडून 'हळू' आणि दुसरीकडून 'जोरात' असे दोन्ही हुकूम एकाच वेळी आले तर कुठलाही सरकारी कर्मचारी करील तेच हृदय करतं.

पॅरिसच्या फिलिप कुमेल यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस अशाच एका जातीच्या रुग्णांचं वर्णन केलं. मध्यमवयीन, बहुतेक पुरुष, हृदय एरवी निकोप. आणि वरच्या कप्प्यांची फडफड, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, सुरू व्हायची ती धावताना-पळताना नव्हे, तर रात्री किंवा जेवणानंतर निवांत बसल्यावर. त्याच सुमारास, १९७८ मध्ये, अमेरिकेत एटिंजर आणि सहकाऱ्यांनी शनिवार-रविवार आणि सणासुदीच्या मद्यपानानंतर ठेका बिघडून इस्पितळात येणाऱ्या मंडळींवर लेख लिहिला आणि त्याला 'हॉलिडे हार्ट' असं गोड नाव दिलं. आषाढातल्या गटारी अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे कुठल्याही कॅज्युअल्टीत बसून हा लेख लिहिता आला असता. श्रावण पाळायचा म्हणून आदल्या रात्री महिन्याभराचा साठा करून घेण्याची आपली रीत धर्मशास्त्रात कुठे बसते ते माहीत नाही. व्हेगसच्या शास्त्रात ती मुळीच बसत नाही.

खरं तर आपल्याकडच्या वैद्यांनी हा धागा फार आधी धरला होता. चरकाने आवेग दाबू नयेत यावर एक अख्खा अध्याय खर्ची घातला आहे, आणि ढेकर दाबल्याने काय होतं हे सांगताना छाती आणि हृदय जखडल्यासारखं होतं असं म्हटलं आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात अधोवायू अडवण्याच्या दुष्परिणामांत इतर अनेक गोष्टींबरोबर हृदयाच्या विकाराचंही नाव घातलं. त्यामागची त्यांची उपपत्ती वायूंच्या उलट्या गतीची आहे, मज्जांची नाही. तेव्हा त्यांना सगळं आधीच माहीत होतं असा गजर करण्याचं कारण नाही. पण निरीक्षणाला दाद द्यायला हवी. माणसं बघितली होती त्यांनी.

मात्र वाग्भटाला एअर कंडिशनर ठाऊक नव्हता. खिडक्या न उघडणाऱ्या मुंबई-पुणे बसमध्ये, घाटातल्या वडापावानंतर, शेजारी अनोळखी बाई बसलेल्या असताना माणसाने त्याचा उपदेश कसा पाळावा? गाण्याच्या मैफलीत विलंबित ख्याल चालला आहे, गायक षड्जावर स्थिर झाला आहे, सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल, आणि तुम्ही येण्यापूर्वी मिसळ खाऊन आला आहात. तिथे जे घामेजलेले चेहरे दिसतात ते सगळेच स्वरांनी भारावलेले नसतात. ढेकर तर आता पूर्ण बेकायदा झाली आहे. माझ्या लहानपणी पंगतीत ढेकर देणं ही वाढणाऱ्याला दिलेली पावती होती. आजोबा ती सही करून दिल्यासारखी देत. त्यांना कधी छातीत धडधड झाल्याचं ऐकलं नाही. यावरून काही सिद्ध होत नाही, कारण आजोबा रोज नदीपर्यंत चालत जात आणि त्यांनी मेडिक्लेम काढला नव्हता.

वाग्भटाचाच आणखी एक हिशेब आहे. पोटाचे चार भाग कल्पावेत. दोन अन्नाला, एक पातळ पदार्थांना, आणि चौथा वाऱ्याला मोकळा ठेवावा. आपल्या लग्नाच्या पंगतीने हा चौथा भाग फार पूर्वी जिलबीला देऊन टाकला. एकदा पान भरलं की वाढपी, यजमान, यजमानांचे व्याही आणि ज्यांचा त्या लग्नाशी कसलाही संबंध नाही असे एक जाडजूड काका, यांच्या आळीपाळीच्या आग्रहातून सुटका नाही. 'एवढीच घ्या, माझी शपथ' म्हणणाऱ्याला श्वासपटलाची उंची किती सेंटिमीटरने वाढली याची चिंता नसते. उपवासाला तरी विश्रांती असावी, तर एकादशीच्या साबुदाणा खिचडीत दाण्याचा कूट, बटाटा आणि तूप यांचं जे संमेलन भरतं त्यापुढे रोजचं जेवण पथ्याचं वाटतं. दर पंधरा दिवसांनी पोटाला सुटी म्हणून काढलेला हा दिवस पोटाने ओव्हरटाइम करून साजरा करायचा.

आता वामकुक्षी. या विषयावर मी पुष्कळ वेळ घालवला आहे, बहुतेक आडवं पडून. जेवल्यावर शंभर पावलं चालावं आणि मग डाव्या कुशीवर टेकावं, असं मोठी माणसं सांगत. यातली डावी कूस उगाच नाही. जठराचा फुगा डावीकडे वळलेला असतो. डाव्या कुशीवर पडलं की आम्ल खालच्या खोलगट भागात राहतं आणि अन्ननलिकेचं तोंड त्याच्या वर राहतं. उजव्या कुशीवर झोपलं तर हेच उलटं होतं आणि घशाशी आंबट येतं. आधुनिक तपासण्यांतही डावी कूस याबाबतीत सरस ठरते. म्हणजे पोटाच्या दृष्टीने आजी बरोबर होती.

पण हृदयाचं टोकही डावीकडेच आहे. डाव्या कुशीवर वळलं की ते छातीच्या भिंतीला जाऊन भिडतं, आणि एरवी न कळणारा प्रत्येक ठोका बरगड्यांतून, उशीतून, थेट कानात येतो. तेच ठोके, तेवढेच ठोके. फक्त आता ते ऐकू येतात. पोटाला बरी ती कूस, तीच काळजाला उघडं पाडणारी. दुपारच्या शांततेत, नुकतंच सढळ जेवण झालेलं असताना, त्या कुशीवर पडून माणूस आपल्याच आतली बातमी ऐकत राहतो आणि त्यात एखादा दणका आला की उठून बसतो. उठून बसला की कूस बदलते, आवाज जातो, धडधड 'थांबते'. त्याच वेळी बसल्याबसल्या एक ढेकरही येते. झालं, श्रेय ढेकरीला. मला वाटतं, मराठी घरांतल्या निम्म्या गॅसचा उगम या बसण्यात आहे. यावर जे जेवण झाल्यावर दोन-तीन तास आडवं पडूच नका म्हणतात त्या डॉक्टरांचं म्हणणं योग्य आहे. पण रविवारची दुपार कशी काढायची हे ते सांगत नाहीत.

पोटावरचा आरोप सिद्ध करायला गेलं तर आणखी एक पंचाईत आहे. आपण सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत कायम काहीतरी खाल्ल्यानंतरच्याच अवस्थेत असतो. ठोका चुकला की माणूस मागे वळून बघतो, आणि मागे कोणी ना कोणी उभंच असतं: पोहे, चहा, चहाबरोबरची चकली, दुसरा चहा. ज्या हजारो जेवणांनंतर काहीच झालं नाही ती जेवणं साक्षीला येत नाहीत. आमच्या आत्याने या पद्धतीने तपास करून आधी पावटे हद्दपार केले, मग हरभऱ्याची डाळ, मग कोबी, मग वांगं. धडधड तशीच राहिली तेव्हा संशय दुधी भोपळ्यावर गेला. दुधी भोपळ्यावर! ज्याने आयुष्यात कोणाचं काही केलं नाही, चवीचंसुद्धा नाही.

आणि कधीकधी गाडी उलटीही धावते. ठोका चुकला की भीती वाटते. भीतीने ॲड्रेनलिन वाढतं. त्याने ठोके आणखी चुकतात. घाबरलेला माणूस नकळत घोट घोट हवा गिळत असतो. ती हवा पोटात साठते, पोट फुगतं, ढेकरा सुरू होतात. म्हणजे गॅसमुळे धडधड नव्हे, धडधडीमुळे गॅस. पण हे आत्याला सांगण्यात अर्थ नाही. ढेकर हा तिच्याकडचा पुरावा आहे आणि पुरावाच आरोपीचा निघाला असं कुठल्या फिर्यादीला आवडतं?

या सगळ्याचा निकाल लावण्यासाठी हॉल्टर नावाचं यंत्र असतं. नॉर्मन हॉल्टर हा अमेरिकेतल्या माँटाना राज्यातल्या हेलेना गावचा संशोधक. चालत्या-फिरत्या माणसाचा आलेख घ्यायचा या ध्यासापायी त्याने केलेलं सुरुवातीचं यंत्र पाठीवर घ्यावं लागे आणि त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं. ते घेऊन चालताना ज्याचं हृदय धडधडणार नाही त्याला तपासण्याचं कारणच नव्हतं. आता तीच गोष्ट खिशात मावेल अशा डबीत आली आहे. छातीला चिकटपट्ट्या, कमरेला डबी, आणि हातात एक वही. चोवीस तासांत काय केलं, काय खाल्लं, काय वाटलं ते वेळेसकट लिहायचं.

आमचे मामा निवृत्त हेडक्लार्क. त्यांना वही मिळाली, याहून मोठा आनंद त्यांना पेन्शनच्या पहिल्या दिवशीही झाला नसेल. त्यांच्या नोंदी मी वाचल्या आहेत. 'दुपारी १.१५: भोजनास प्रारंभ. १.४०: भोजन समाप्त, पूर्ण समाधान. १.४६: शतपावली, दिवाणखान्यातच, पाऊस असल्याने. १.५२: ढेकर, मोठी. १.५४: धडधड, तीव्र. २.००: वामकुक्षी, डावी बाजू. २.०४: पुन्हा धडधड, सौ.ला हाक मारली, ती झोपली होती.' रात्रीच्या रकान्यात फक्त: 'शांत झोप.' रिपोर्ट आला तेव्हा १.५४ ला हृदय घड्याळासारखं चाललं होतं. जादा ठोक्यांचा सगळ्यात मोठा घोळका होता पहाटे चारला, 'शांत झोप' चालू असताना. "काका, तुम्हाला वाटतंय तेव्हा काही नाही आणि आहे तेव्हा तुम्हाला वाटत नाही," डॉक्टर म्हणाले. मामांनी वही काळजीपूर्वक परत घेतली आणि यंत्राचं घड्याळ मागे असणार असा शेरा मारला.

सगळ्यांच्याच बाबतीत असं निघत नाही, हे सांगायला हवं. काहींच्या आलेखात घास गिळताक्षणी ठोके धावलेले डॉक्टरांनी टिपले आहेत. काहींना बर्फाचं पाणी गटकन प्यायल्यावर फडफड सुरू होते आणि गार पाणी सोडलं की बंद. शेजारपण खरं आहे. पण कुठल्या घरात ते भांडणापर्यंत गेलं आहे हे आलेखच सांगतो, ढेकर नाही.

औषधांची एक वेगळीच कथा आहे. पोटातलं अन्न पुढे ढकलण्यासाठी सिसाप्राइड नावाची गोळी एके काळी सर्रास दिली जात असे. ती हृदयाच्या विजेच्या चक्रात ढवळाढवळ करते आणि क्वचित जिवावर बेतणारी लय बिघडवते, असं लक्षात आल्यावर अमेरिकेत ती २००० मध्ये बाजारातून मागे घेतली गेली. आपल्याकडे २०११ मध्ये बंदी आली. डोमपेरिडोनबद्दलही, विशेषतः मोठ्या डोसात आणि वयस्कर माणसांत, सावधगिरीच्या सूचना आहेत. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर काहींचं रक्तातलं मॅग्नेशियम उतरतं, आणि मॅग्नेशियम उतरलं की ठेका डळमळतो. म्हणजे धडधड गॅसमुळे आहे म्हणून केमिस्टकडून परस्पर आणलेली, रोज सकाळी अनशापोटी भक्तिभावाने घेतलेली गोळीच धडधडीचं कारण व्हावी, इतका विनोद निसर्गाला येतो.

आणि एका ठिकाणी मी गॅसपक्षाचा राजीनामा देतो. हृदयाची खालची भिंत त्या पडद्यावरच टेकलेली असते, तिचा रक्तपुरवठा तुंबला तर दुखणं बेंबीच्या वर, मळमळीसारखं, जळजळीसारखं वाटू शकतं. आणि सोडा पिऊन थोडं बरं वाटलं म्हणून ते हृदयाचं नव्हतं असं ठरत नाही. आमचे फॅमिली डॉक्टर एरवी गॅसचे मोठे समर्थक आहेत, पण घाम फुटला, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, जिना चढताना दडपण आलं, हातात किंवा जबड्यात कळ गेली, की ते ओव्याचं नावसुद्धा काढू देत नाहीत. "गॅस आहे हे मी ईसीजी बघून सांगेन," असं त्यांचं वाक्य आहे. ज्या घरात 'गॅस असेल'वर रात्र काढली गेली आणि सकाळ वेगळी उजाडली, अशी घरं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत.

सध्या घरात प्रकरण चालू आहे ते भाच्याचं. तो न्यू जर्सीला असतो आणि त्याच्या मनगटावर ईसीजी काढणारं घड्याळ आहे. पूर्वी माणसाला धडधड होत असे आणि मग तो काळजी करी. या घड्याळामुळे काळजी आधी करता येते. मध्यंतरी त्याने रात्री आलेख काढला, 'निष्कर्ष काढता येत नाही' असा निष्कर्ष आला, आणि तो त्याने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. आत्याने तेव्हाच व्हिडिओ कॉल लावला.

"काय जेवला होतास?"

"बुरिटो, आत्याआजी."

"त्यात काय असतं?"

"भात, चीज, काळा राजमा..."

"राजमा! किती वाजता?"

"साडेदहाला असेल."

"आणि मग लगेच आडवा झालास. डाव्या कुशीवर."

पलीकडे शांतता. हे घड्याळानेसुद्धा सांगितलं नव्हतं.

तो रीतसर तिथल्या डॉक्टरांकडे जाऊन आला. हॉल्टर झाला, थायरॉइड झालं, रक्तातलं पोटॅशियम बघून झालं, सगळं ठीक. थोडे एक्टोपिक आहेत, निरुपद्रवी. रात्री लवकर आणि कमी जेवा, कॉफी आवरा, जेवल्यावर लगेच झोपू नका, उशाकडून पलंग जरा उंच करा, असा सल्ला छापील कागदावर मिळाला आणि मागोमाग बिलाचा दुसरा कागद आला. बिलाचे रुपये किती होतात हे मामांनी तोंडी करून सांगितलं तेव्हा तिघांनी एकदम छातीवर हात ठेवले. आत्याचं म्हणणं असं की सल्ल्यात हिंग राहून गेला आहे, त्यामुळे उपचार अपुरा आहे. पुढच्या महिन्यात शेजारच्यांची सून तिकडे जाणार आहे. तिच्या बॅगेत हिंगाष्टक चूर्णाची डबी घालायची का, आणि घातली तर विमानतळावर वासावरून बॅग उघडतील का, यावर सध्या चर्चा चालू आहे; दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि वरून एक स्टीलचा डबा, इथपर्यंत एकमत झालं आहे.